कॉलेजात थेरपी डॉग बोलवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा जवळ आल्या की तेच ते मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप सुरू होतात. काउन्सेलर विचारतात, प्राचार्य विचारतात, स्टुडंट कौन्सिलची पोरं तर थेट ‘मॅडम, उद्या येता का?’ म्हणतात. अलीकडे परदेशात शिकणाऱ्या मुलांचे आई-बाबाही विचारू लागलेत. दर वेळी वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एकत्र केलंय. उत्तरांत जिचा उल्लेख येतो ती चिंगी म्हणजे माझी गावठी कुत्री, माझ्यासोबत कॉलेजांत येणारी.

१. थेरपी डॉग म्हणजे नक्की काय? पोलिसांच्या कुत्र्यासारखं ट्रेनिंग असतं का?

थेरपी डॉग म्हणजे अनोळखी माणसांना भेटून, हात लावू देऊन त्यांचा ताण हलका करणारा कुत्रा. पोलिसी ट्रेनिंग नसतं. पोलिसांच्या कुत्र्याला काम शिकवलेलं असतं, थेरपी डॉगचं मात्र निम्मं काम त्याच्या स्वभावातच असतं. अनोळखी माणसांत रमणारा, अचानक स्टीलचं ताट पडलं तरी न बिथरणारा, कोणी धसमुसळेपणाने मिठी मारली तरी दात न दाखवणारा कुत्रा लागतो. बस, थांब, सोड, चल एवढं त्याला यायला हवं. आणि तो एकटा कधीच काम करत नाही. कुत्रा आणि त्याचा हँडलर, म्हणजे त्याला सांभाळत सोबत येणारा माणूस, ही जोडी असते आणि परीक्षाही जोडीचीच होते.

या कल्पनेचं श्रेय बहुतेक ठिकाणी न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना देतात. त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीत असताना एक अबोल मुलगा आला आणि आधी कुत्र्याशी, मग हळूहळू डॉक्टरांशी बोलू लागला. १९६२ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला. त्याआधी परिषदेत हे मांडलं तेव्हा ‘फीमधला किती हिस्सा कुत्र्याला देता?’ अशी थट्टा झाली म्हणतात. आजही काही स्टाफरूममध्ये हाच विनोद ऐकू येतो.

२. सर्व्हिस डॉग, इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल आणि थेरपी डॉग एकच ना?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हिस डॉग एका अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकलेला असतो, उदाहरणार्थ अंध माणसाला रस्ता दाखवणारा कुत्रा. इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल म्हणजे मालकाला नुसत्या सोबतीने आधार देणारा त्याचा स्वतःचा प्राणी, त्याला खास कामाचं प्रशिक्षण लागत नाही. थेरपी डॉग मालकासाठी नसतो, तो इतरांना भेटायला जातो. म्हणून अमेरिकेच्या अपंगत्व कायद्यात सर्व्हिस डॉगला जे हक्क मिळतात ते थेरपी डॉगला मिळत नाहीत. हॉटेलात, ट्रेनमध्ये ‘हा थेरपी डॉग आहे’ म्हणून जागा मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. अमेरिकेतल्या हॉस्टेलचा मुद्दा प्रश्न १६ मध्ये आहे.

३. कुरवाळल्याने खरंच ताण कमी होतो, की नुसता इन्स्टाग्रामपुरता कार्यक्रम?

दोन्ही शक्य आहे, आयोजन कसं आहे त्यावर अवलंबून.

वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला सगळ्यात पटतो, कारण त्यात तुलना नीट आहे. २४९ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट केले. पहिला गट १० मिनिटं कुत्र्या-मांजरांसोबत बसला, हात लावला, खेळला. दुसरा रांगेत उभा राहून पहिल्या गटाकडे बघत होता. तिसऱ्याने त्याच प्राण्यांचे फोटो स्लाइड शोमध्ये पाहिले. चौथा गट नुसता बसून होता. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं तेव्हा हात लावणाऱ्या गटात ते इतरांपेक्षा कमी निघालं. म्हणजे फोटोंनी ते काम झालं नाही आणि लांबून बघण्यानेही झालं नाही.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ओकनागन कॅम्पसवर ‘बार्क’ नावाचा उपक्रम २०१२ पासून चालतो. तिथे २८४ विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते: कुत्र्याला हात लावणारे, कुत्रा समोर असूनही हात न लावणारे, आणि कुत्र्याविना नुसत्या हँडलरशी गप्पा मारणारे. काही बाबतींत तिन्ही गटांना बरं वाटलं, पण सगळ्या मापांवर फरक दिसला तो फक्त स्पर्श करणाऱ्या गटात. मला यातली हँडलरची गोष्ट महत्त्वाची वाटते. कॉलेजं कुत्र्याची जात विचारतात, सोबत येणारा माणूस कसा आहे हे कोणी विचारत नाही.

आता दुसरी बाजू. अशा अभ्यासांत कोणाला कुत्रा मिळाला हे लपवता येत नाही, बरंच मोजमाप ‘तुम्हाला कसं वाटतंय’ या प्रश्नावर असतं, आणि नाव नोंदवणारी मुलं बहुधा आधीपासूनच प्राणीप्रेमी असतात. त्यामुळे ‘थोड्या वेळासाठी ताण हलका होतो’ एवढं छातीठोकपणे म्हणावं, ‘नैराश्य बरं होतं’ असं पोस्टरवर छापू नये.

४. दहा मिनिटांचा परिणाम किती दिवस टिकणार?

एका भेटीचा फार टिकेल अशी आशा धरू नका. सलग भेटींबद्दल मात्र त्याच वॉशिंग्टन स्टेटच्या गटाने २०२१ मध्ये एक गमतीचा निष्कर्ष मांडला. ३०९ विद्यार्थी, चार आठवड्यांचा कार्यक्रम. काहींना ताण-व्यवस्थापनाची नेहमीची व्याख्यानं, काहींना फक्त कुत्र्यांसोबत वेळ, काहींना दोन्हीचं मिश्रण. ज्यांना आधीपासून अभ्यासात जास्त अडचणी होत्या अशा मुलांची लक्ष देण्याची, आखणी करण्याची क्षमता सुधारली ती फक्त-कुत्रे गटात, आणि कार्यक्रम संपून सहा आठवड्यांनीही ती टिकून होती. आधीच दमलेल्या मुलाला ‘ताण कसा हाताळावा’ यावर आणखी एक पीपीटी दाखवणं म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक विषय ठेवणं. सेशनच्या आधी अर्धा तास प्रमुख पाहुण्यांचं भाषण ठेवणाऱ्या कॉलेजांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

५. कुत्र्याच्या डोळ्यांत बघितलं की ऑक्सिटोसिन वाढतं म्हणे?

ऑक्सिटोसिन म्हणजे आपुलकीशी जोडलेलं संप्रेरक. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे दाखवलं, पण ते कुत्रा आणि त्याचा स्वतःचा मालक यांच्याबद्दल होतं. अनोळखी कुत्र्याला पाच मिनिटं भेटणाऱ्या विद्यार्थ्याला ते जसंच्या तसं लावू नका. शिवाय अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघणं त्याला धमकीसारखं वाटू शकतं.

६. आमच्याकडे काउन्सेलर नाही. महिन्यातून एकदा कुत्रा आणला तर भागेल?

नाही. आणि आम्ही अशा ठिकाणी जातही नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. आधी ते करा. कुत्र्याचा खरा उपयोग काउन्सेलरच्या खोलीकडे जाणारी वाट सोपी करण्यात आहे. ‘काउन्सेलिंगला चाललोय’ म्हणायला मुलं कचरतात, ‘कुत्र्याला भेटायला चाललोय’ बिनधास्त म्हणतात. म्हणून सेशन शक्यतो त्याच मजल्यावर ठेवा आणि काउन्सेलर स्वतः सतरंजीवर बसलेला असू दे.

७. सेशन प्रत्यक्षात कसं चालतं?

शांत खोली, दोन दारं असलेली असेल तर उत्तम. खाली सतरंजी किंवा रबरी मॅट, कारण कॉलेजांच्या गुळगुळीत फरशीवर कुत्र्याचे पाय घसरतात आणि घसरणारा कुत्रा निवांत होऊच शकत नाही. कोपऱ्यात पाण्याचं भांडं आणि कुत्र्याची स्वतःची चटई. त्या चटईवर तो गेला की कोणी त्याच्यामागे जायचं नाही, हा एकच नियम मी दारातच सांगते.

एका कुत्र्यामागे एका वेळी तीन-चार विद्यार्थी. ऑडिटोरियममध्ये दोनशे मुलं आणि स्टेजवर एक कुत्रा असा बेत मला दर हंगामात कोणीतरी ऐकवतं. त्यात कुत्र्याचे हाल होतात आणि मुलांच्या हाती फक्त रील लागते. वेळेच्या चिठ्ठ्या करा, पंधरा-वीस मिनिटांच्या. येल विद्यापीठाच्या लॉ लायब्ररीत २०११ मध्ये मॉन्टी नावाचा टेरियर चक्क ३० मिनिटांसाठी ‘इश्यू’ करून मिळत असे. गर्दी आवरायची ही पद्धत कोणत्याही ग्रंथपालाला जमेल.

पहिली दोन-तीन मिनिटं सगळे अवघडलेले असतात. कोणीतरी ‘हिचं नाव काय?’ विचारतं. चिंगी एकेकाचा बूट हुंगत फिरते आणि मग कोणाच्यातरी मांडीला पाठ टेकवून धपकन बसते, बहुतेक वेळा जो सगळ्यात कमी बोलतोय त्याच्याच. तिला काही दिव्यदृष्टी आहे असं नाही. कमी हलणारा माणूस कुत्र्याला सोयीचा वाटतो, एवढंच. पण त्या मुलाला मात्र आपण निवडले गेलो असं वाटतं.

८. हात कुठे आणि कसा लावायचा?

बाजूने बसा, समोरून वाकू नका. डोक्यावर थोपटणं टाळा, छातीवर किंवा मानेच्या बाजूला खाजवा. तीन सेकंद खाजवून हात काढा आणि थांबा. कुत्रा पुढे सरकला, नाकाने हात उचलला तर चालू ठेवा. तसाच बसून राहिला किंवा तोंड फिरवलं तर त्याचं उत्तर ‘नको’ आहे. मिठी, चेहऱ्याला चेहरा लावणं आणि शेपूट हे तिन्ही वर्ज्य. आधी आणि नंतर हात धुवायचे, सॅनिटायझरपेक्षा साबण बरा.

९. कुत्रा कंटाळलाय हे बाहेरच्याला कसं कळणार? शेपूट तर हलत असतं.

शेपूट हलणं म्हणजे आनंदच असं नाही, ते नुसतं उत्तेजित असल्याचंही लक्षण असतं. झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, कोरडा असताना ओल्यासारखं अंग झटकणं, गारव्यातही धापा टाकणं: यातलं काहीही वारंवार दिसलं की हँडलरने उठायचं. कार्यक्रमाचं बॅनर अजून लागायचं असलं तरी. अमेरिकेतली पेट पार्टनर्स ही थेरपी प्राण्यांसाठीची जुनी संस्था दिवसाला जास्तीत जास्त दोन तासांची मर्यादा घालते, आपल्याकडच्या उकाड्यात मी त्याच्या निम्म्यावरच थांबते. गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारणारा हँडलर दिसला तर त्याला पुन्हा बोलावू नका. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना असते, ती मारून दाबली की पुढच्या वेळी सूचना न देता चावा येतो.

१०. रेबीजचं काय? पालक पहिला हाच प्रश्न विचारतात.

विचारायलाच हवा. लसीकरणाचं कार्ड बघितल्याशिवाय कुत्र्याला गेटच्या आत घेऊ नका. रेबीजची लस चालू वर्षाची हवी, डिस्टेंपर-पार्व्हो-लेप्टोची एकत्रित लसही, आणि जंतनाशक, गोचीड-पिसवांचं औषध वेळच्या वेळी. कच्चं मांस खाणारा कुत्रा नको, त्याच्या तोंडातून साल्मोनेला पसरू शकतो. पेट पार्टनर्स अशा कुत्र्यांना घेतच नाही.

धडधाकट त्वचेवर कुत्र्याने चाटलं तर उपचाराची गरज नसते. रक्त न येणारा ओरखडा आला तरी जखम धुऊन लस घ्यायची. दात लागून रक्त आलं किंवा आधीच्या जखमेवर चाटलं तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. प्रत्येक वेळी पहिलं काम एकच: वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुणं. हळद, चुना, तिखट काही लावू नका. ‘कुत्र्याला दहा दिवस बघू, मग लस घेऊ’ हे कुत्र्याचं कार्ड पूर्ण असलं तरी स्वतः ठरवायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

११. दमा, अ‍ॅलर्जी असलेल्यांनी काय करावं?

अ‍ॅलर्जी केसांची नसते, कुत्र्याची लाळ आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. त्यामुळे ‘पूडल आणा, त्याने अ‍ॅलर्जी होत नाही’ या म्हणण्याला अर्थ नाही. ज्या वर्गात नंतर तास आहे तिथे सेशन घेऊ नका, खोली वेगळी आणि हवेशीर ठेवा, दारावर दोन दिवस आधी सूचना लावा. दम्याचा त्रास असलेल्यांनी, केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

१२. काही मुलांना कुत्र्याची भीती वाटते, काही धार्मिक कारणाने लाळ टाळतात. त्यांचं काय?

त्यांनी न येणं हा अगदी योग्य निर्णय आहे. ‘अरे काही नाही करत, हात लाव’ हे वाक्य सेशनमध्ये बंदच असावं. लहानपणी भटक्या कुत्र्याने फाडलेली पोटरी घेऊन वावरणाऱ्याला भीतीची कारणं समजावून सांगावी लागत नाहीत. कुत्रा मुख्य दारातून, जिन्यावरून, कॅन्टीनमधून फिरवू नका. येण्याजाण्याची वाट अशी ठेवा की ज्याला भेटायचं नाही त्याला तो दिसणारही नाही. हजेरीचे गुण किंवा क्रेडिट या कार्यक्रमाला जोडू नका. ज्यांना लांबून बघायचंय त्यांच्यासाठी दाराजवळ दोन खुर्च्या पुरतात.

१३. आमचा घरचा कुत्रा फार प्रेमळ आहे. तो चालेल? सर्टिफिकेट कुठे मिळतं?

घरच्यांवर प्रेम करणारा आणि परक्यांत निवांत असणारा यात मोठा फरक आहे. कुत्रा किमान वर्षाचा हवा. त्याला अनोळखी जागी न्या, तिघा-चौघा अनोळखी माणसांना जवळ बसू द्या, आणि प्रश्न ९ मधली लक्षणं शोधा. जो सहन करतो तो नको, जो स्वतःहून माणसांकडे जातो तो हवा. गावठी कुत्रा चालतो का असं बिचकत विचारतात: उत्तम चालतो, उन्हाचा त्रासही त्याला हस्कीपेक्षा कमी होतो.

भारतात थेरपी डॉगसाठी सरकारी परवाना नाही. मुंबई-पुण्यात पाळीव कुत्र्याचा महापालिकेचा परवाना मात्र लागतो. मुंबईतल्या अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या प्राणी-साहाय्यित थेरपीत काम करणाऱ्या संस्थेकडून कुत्र्याचं मूल्यमापन करून घेणं हा चांगला मार्ग आहे. ऑनलाइन पैसे भरून मिळणारं कार्ड आणि लाल जॅकेट याने फक्त जॅकेट मिळतं.

१४. हॉस्टेलच्या आवारातली काळू-राणी आम्हाला रोज भेटतात. तीच थेरपी नाही का?

त्या ओढीला मी कमी लेखणार नाही. मेसमधली पोळी खिशात घालून नेणारी मुलं मी पाहिलीत, आणि त्यांना वाटणारा आधार खराच असतो. पण काळूसोबत हँडलर नसतो, त्याच्या लसीचा हिशेब कोणाकडे नसतो आणि तो जसा तुम्हाला ओळखतो तसा नव्या डिलिव्हरीवाल्याला ओळखत नाही. त्यामुळे कॉलेजने त्याला उपक्रमात मोजू नये. कायद्याची बाजूही आहे: ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांच्या आवारातली भटकी कुत्री हलवून, निर्बीजीकरण-लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. यावर मतं टोकाची आहेत. आपापल्या कॅम्पसवर काय करायचं हे प्रशासन आणि महापालिकेशी बोलूनच ठरवा. रात्रीतून कुत्र्यांना मारणं किंवा विष घालणं हा मात्र गुन्हाच आहे.

१५. कोणत्या दिवसांत सेशन ठेवू नये? आणि कुत्र्याऐवजी मांजर, ससा, गाय चालेल?

एप्रिल-मेमध्ये दुपारी नको, सकाळी नऊच्या आत उरका. डांबरावर तळहात पाच सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर कुत्र्याच्या पंजालाही सोसणार नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले की नको. पुण्यात गणपतीआधी शेजारच्या मैदानावर ढोल-ताशा पथकाचा सराव चालू असेल तर तेही विचारून घ्या.

मांजर चालते, प्रश्न ३ मधल्या अभ्यासात मांजरं होतीच. पण प्रवासाला आणि नव्या जागेला न घाबरणारी मांजर दुर्मीळ. ससा उचलून घेतला की घाबरून थिजतो आणि लोकांना तो शांत वाटतो, म्हणून मी नाहीच म्हणते. पोपट, कासव असे वन्य प्राणी अजिबात नकोत. आणि गाय: २०२३ मध्ये १४ फेब्रुवारीला गाईला मिठी मारा असं आवाहन पशु कल्याण मंडळाने केलं होतं आणि चार दिवस आधी मागेही घेतलं. गाईचं मत कोणी विचारलं नव्हतं.

१६. मुलगी अमेरिकेत एमएस करतेय. हॉस्टेलवर कुत्रा ठेवता येतो असं कळलं, खरं का?

काही अटींवर. तिथला फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट, म्हणजे घर देताना भेदभाव रोखणारा कायदा, विद्यापीठाच्या निवासालाही लागू होतो असा निर्णय नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी कॅम्पसच्या खटल्यात २०१३ मध्ये आला. त्यामुळे गरज असल्याचं परवानाधारक मानसोपचार तज्ज्ञाचं पत्र असेल तर इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमलसाठी अर्ज करता येतो. प्राणी खोलीत राहू शकतो, वर्गात नेता येतोच असं नाही. विमानातही २०२१ पासून त्याला सर्व्हिस डॉगचा दर्जा नाही. पैसे घेऊन ‘रजिस्ट्रेशन’ देणाऱ्या वेबसाइटपासून दूर राहायला सांगा.

आईबाबांना एक सुचवू का? दोन वर्षांनी मुलीचं शहर बदलेल, व्हिसा बदलेल, तेव्हा कुत्र्याचं काय, हे आधी विचारा. तिच्या विद्यापीठात थेरपी डॉगचा उपक्रम असेल तर आधी तिथे जाऊन बघणं सोपं.

१७. मुलं कुत्र्यासाठी बिस्किटं आणतात. देऊ द्यायची?

नाही. खाऊ फक्त हँडलरच्या हातून. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि शुगर-फ्री गमातलं झायलिटॉल कुत्र्याला विषारी आहे, आणि हे सगळं विद्यार्थ्यांच्या बॅगेत असतं.

१८. सेशनमध्ये कोणी रडायला लागलं, किंवा ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं तर?

रडणं नेहमीचं आहे. त्याला अडवायचं नाही, बाकीच्यांना जरा लांब सरकवायचं, पाणी द्यायचं. दुसरी गोष्ट वेगळी. हँडलर समुपदेशक नसतो, म्हणून ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नये. सरळ म्हणावं, ‘तू सांगितलंस हे बरं केलंस. आपण दोघं आत्ता काउन्सेलर मॅडमकडे जाऊ.’ आणि सोबत चालत जावं, कुत्र्यालाही घेऊन. त्या मुलाला एकटं सोडायचं नाही. काउन्सेलर हजर नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो नंबर खोलीत मोठ्या अक्षरांत लावलेला असावा.

१९. दर महिन्याला येणारा कुत्रा म्हातारा झाला किंवा गेला तर मुलांना सांगावं का?

सांगावं, आणि पटकन सांगावं. ‘तो सुट्टीवर आहे’ म्हटलं की पुढच्या महिन्यात पुन्हा तेच सांगावं लागतं. म्हातारा होत असेल तर शेवटची भेट जाहीर करून ठेवा, एका वेळी दोघंच आत, वेळही कमी. गेला असेल तर काउन्सेलरने गटाला बसवून बोलावं. घरातलं अलीकडचं मरण ज्यांच्या मनात ताजं आहे त्यांना आधी वेगळं भेटावं. दुसरा कुत्रा लगेच पुढच्या आठवड्यात आणू नका.